प्राइमफेसेस डेटाटेबल: दोन पानांवर ओळी निवडल्या, बीनमध्ये मात्र एकाच पानाच्या येतात

निळीशाई

नमस्कार मंडळी,

लेखा विभागाचं एक अंतर्गत ॲप्लिकेशन नुकतंच माझ्याकडे आलंय. जावा, जेएसएफ (सर्व्हरवर वेब पानं बनवणारं फ्रेमवर्क), त्यावर प्राइमफेसेस (तक्ते, बटणं असे तयार घटक), खाली जेपीए (डेटाबेसशी बोलणारा थर). त्यात पुरवठादारांची बिलं मंजूर करायचा स्क्रीन आहे. तक्त्यात प्रत्येक ओळीला चेकबॉक्स, खाली 'मंजूर करा' बटण, एका पानावर २५ ओळी.

पूर्वी सगळी बिलं एकदम लिस्टमध्ये यायची तेव्हा नीट चालायचं. डेटा वाढला, स्क्रीन उघडायला वेळ लागायला लागला, म्हणून आधीच्या टीमने लेझी डेटा मॉडेल (एका वेळी एकाच पानाच्या ओळी आणणारं) लावलं. तेव्हापासून पहिल्या पानावर तीन बिलं टिक करून दुसऱ्या पानावर दोन केली आणि बटण दाबलं, तर दुसऱ्या पानावरची दोनच मंजूर होतात. एक्सेप्शन येत नाही, लॉगमध्येही काही नाही. वापरणाऱ्यांना वाटतं पाचही झाली.

दुसरा प्रकार याहून गंभीर आहे. कधीकधी टिक एका बिलाला आणि मंजूर भलतंच, असं होतं. लेखा विभागाने दोन उदाहरणं दाखवली. दोन्ही वेळा बिल नंबर तोच होता, पुरवठादार वेगळा.

पैशाचा मामला आहे, त्यामुळे वरवरची मलमपट्टी करायची नाहीये. नेमकं काय होतंय ते समजून घ्यायचंय.

रात्रपाळी

बीनचा, म्हणजे स्क्रीनचा डेटा सांभाळणाऱ्या जावा ऑब्जेक्टचा, स्कोप (तो किती वेळ जगतो) कोणता आहे? रिक्वेस्ट स्कोप असेल तर प्रत्येक पोस्टला बीन नवं आणि लिस्टही नवी. मग असले प्रकार होतात.

निळीशाई

व्ह्यू स्कोप आहे, म्हणजे तोच स्क्रीन उघडा असेपर्यंत बीन तेच. इम्पोर्ट 'फेसेस डॉट व्ह्यू' मधलाच आहे आणि क्लासवर 'नेम्ड' आहे. मॉडेलही पोस्ट-कन्स्ट्रक्टमध्ये एकदाच तयार होतं, गेटरमध्ये नाही.

सातमाळा

मग स्कोप सोडा. दोन गोष्टी बघून सांगा. पहिली, लेझी मॉडेलच्या क्लासमध्ये 'गेट-रो-डेटा' आणि 'गेट-रो-की' या दोन मेथडमध्ये काय लिहिलंय. दुसरी, ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडून बटण दाबा आणि त्या रिक्वेस्टच्या फॉर्म डेटामध्ये तक्त्याच्या आयडीला '_सिलेक्शन' शेपूट लागलेलं फील्ड शोधा. त्यात काय जातंय?

निळीशाई

बघितलं. त्या फील्डमध्ये पाचही जातात: २३८,२४१,२४५,२६७,२७०. म्हणजे ब्राउझर त्याचं काम बरोबर करतोय.

गेट-रो-की बिल नंबर परत करते. गेट-रो-डेटा मॉडेलचा रॅप्ड डेटा घेते, त्यावर फॉर लूप फिरवते, बिल नंबर जुळला की ते बिल परत करते आणि लूप संपला तर नल, म्हणजे 'काही नाही'.

सातमाळा

सापडलं. दोन्ही बग याच दोन मेथडमध्ये बसलेत.

ब्राउझरकडून सर्व्हरला ओळ कधीच जात नाही, ऑब्जेक्ट तर नाहीच. जाते ती रो-कींची (प्रत्येक ओळीच्या ओळखखुणेची) एक स्ट्रिंग, मध्ये स्वल्पविराम. प्राइमफेसेस ती स्वल्पविरामावर तोडतं आणि एकेक तुकडा गेट-रो-डेटाला देऊन विचारतं की याचा ऑब्जेक्ट कोणता. ऑब्जेक्ट मिळाला तर तो तुमच्या बीनमधल्या निवडलेल्यांच्या लिस्टमध्ये पडतो. नल मिळालं तर ती रो-की गाळली जाते, कसलीही तक्रार न करता.

आता तुमचा लूप बघा. रॅप्ड डेटा म्हणजे सध्याच्या पानावरच्या २५ ओळी. तुम्ही दुसऱ्या पानावर आहात, २३८ पहिल्या पानावरचं आहे. लूपला ते दिसतच नाही, नल येतं, बिल गळतं. लेझी नसताना पूर्ण लिस्ट हाताशी होती, म्हणून तेव्हा त्रास नव्हता. हा लूप बऱ्याच प्रोजेक्टमध्ये आढळतो, कारण नमुन्याच्या कोडमध्ये सगळा डेटा मेमरीतच असतो आणि तिथे लूप फिरवणं बरोबर असतं. तिथून उचलून खऱ्या डेटाबेसवर लावला की अर्थ बदलतो.

देवळाबाहेर चपला ठेवताना बिल्ला मिळतो ना, रो-की म्हणजे तो बिल्ला. बिल्ला घेऊन आलेल्या माणसासाठी फक्त समोरच्या फळीवर शोधलं तर मागच्या फळीवरच्या चपला 'नाहीत' असंच उत्तर मिळणार. आणि एकाच नंबरचे दोन बिल्ले वाटले असतील तर हाताला आधी लागेल तो जोड दिला जाणार. तुमचा दुसरा बग हाच. बिल नंबर पुरवठादार देतो, त्यामुळे २४१ नंबर चार जणांचा असू शकतो. एका पानावर दोन २४१ आले की लूप वरचा उचलतो.

रो-की म्हणून टेबलची प्रायमरी की (प्रत्येक ओळीचा एकमेव आयडी) द्या. माणसाला अर्थ लागेल असा नंबर रो-की म्हणून कधीही वापरू नका.

तांबडीमाती

बिल नंबर, पुरवठादार आयडी आणि आर्थिक वर्ष जोडून एक स्ट्रिंग केली तरी चालेल की. आमच्याकडच्या जुन्या टेबलांत कंपोझिट कीच (अनेक रकाने मिळून बनणारी की) आहे, दुसरा इलाजच नाही.

सातमाळा

चालेल, पण जोडताना स्वल्पविराम वापरू नका. प्राइमफेसेस नेमकं तिथेच तोडणार आणि एका ओळीच्या तीन रो-की होणार. पुरवठादाराच्या बिल नंबरात स्वतःचाच स्वल्पविराम असेल तरी तेच. अंकी आयडी उपलब्ध असेल तर तो सगळ्यात बिनघोर.

आणि कुणी ओळीचा इंडेक्स रो-की म्हणून सुचवला तर ऐकू नका. सॉर्ट बदललं, मध्ये एक नवीन बिल आलं, की सातवी ओळ आठवी होते.

तांबडीमाती

@निळीशाई, मग सरळ उपाय असा: गेट-रो-डेटामधला लूप काढा, रो-की लाँगमध्ये बदला आणि एंटिटी मॅनेजरचं फाइंड (आयडीवरून थेट ओळ आणणारी जेपीएची मेथड) करा. एका ओळीचं काम. पान कुठलंही असो, बिल सापडणारच.

रात्रपाळी

काम होईल, पण वेग बघा. त्या तक्त्यावर 'रो-सिलेक्ट-चेकबॉक्स' चा एजॅक्स इव्हेंट लावलेला असेल, म्हणजे टिक केल्याकेल्या खाली बेरीज बदलते वगैरे, तर प्रत्येक टिकला तक्ता डीकोड होतो (म्हणजे फॉर्ममधून आलेल्या त्याच्या किमती सर्व्हर वाचतो) आणि फील्डमधल्या सगळ्या रो-कींसाठी गेट-रो-डेटा पुन्हा चालते. शंभर बिलं निवडलेली असताना एकशे एकावं टिक केलं, तर डेटाबेसकडे १०१ हेलपाटे, तेही फक्त एका खुणेसाठी. पर्सिस्टन्स कॉन्टेक्स्ट (आणलेल्या ओळी जेपीए जिथे धरून ठेवतं ती जागा) रिक्वेस्टपुरताच जगत असेल तर त्याची कॅशही उपयोगाची नाही.

निळीशाई

इव्हेंट लावलेला आहे. निवडलेल्या बिलांची एकूण रक्कम खाली दाखवतो आम्ही.

दुपारचापाऊस

वेगाच्या आधी एक गोष्ट बोलायला हवी, म्हणून मध्ये पडतेय.

ते '_सिलेक्शन' फील्ड हिडन आहे, पण ब्राउझरमध्ये आहे. एफ-१२ दाबून त्यातला २३८ बदलून ९०१ करणं कुणालाही जमतं. लेझी नसलेल्या तक्त्यात सर्व्हर निदान त्या माणसाला दाखवलेल्या लिस्टमध्येच शोधतो. गेट-रो-डेटामध्ये नुसतं फाइंड ठेवलंत तर आख्ख्या टेबलमधलं कुठलंही बिल निवडता येईल: दुसऱ्या शाखेचं, त्याच्या मर्यादेपलीकडच्या रकमेचं, अगदी नाकारलेलंसुद्धा. यादी दाखवताना क्वेरीत शाखेची अट असते, फाइंडमध्ये ती नसते. भगदाड तिथे पडतं.

जेएसएफचा व्ह्यू स्टेट (प्रत्येक फॉर्मसोबत जाणारी खूण) यापासून वाचवत नाही. तो दुसऱ्या साइटवरून परस्पर फॉर्म सबमिट होण्याला आडकाठी करतो. लॉगिन केलेल्या माणसाने स्वतःच्याच फॉर्ममधली किंमत बदलली, तर त्याला काही कळत नाही. ओवॅस्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल (हक्कांची तपासणी नीट न होणं) पहिल्या क्रमांकावर आहे, आणि ते बहुतेकदा असंच शिरतं, एखाद्या सोयीच्या मेथडमधून.

मंजुरी देणाऱ्या सर्व्हिसमध्ये प्रत्येक बिलासाठी हक्क तपासा: हे बिल या माणसाच्या शाखेचं आहे का, रक्कम त्याच्या मर्यादेत आहे का, बिल अजून प्रलंबित आहे का. स्क्रीनवर दिसलं म्हणजे हक्क आहे, असं सर्व्हिसने धरायचं नाही.

सातमाळा

दुपारचापाऊस यांच्या शब्दाशब्दाशी सहमत. वेग आणि सुरक्षितता दोन्ही साधणारी रचना सांगतो. मी मंजुरीच्या कामांत हीच वापरतो.

व्ह्यू स्कोपच्या बीनमध्ये एक मॅप ठेवा, आयडीकडून ओळीकडे. लोड मेथड एकेक पान आणते तेव्हा आलेल्या ओळी परत करण्याआधी त्या मॅपमध्ये घाला. गेट-रो-डेटा फक्त त्या मॅपमध्ये बघेल. डेटाबेसला हात नाही, म्हणून वेग आला. आणि या माणसाला या स्क्रीनवर जे दाखवलंच नाही ते मॅपमध्ये नाही, म्हणून ९०१ घुसवला तरी नल मिळेल.

मॅपमध्ये पूर्ण एंटिटी (डेटाबेसच्या ओळीचं जेपीए ऑब्जेक्ट) ठेवू नका. व्ह्यू स्कोपचं बीन सेशनमध्ये राहतं, आणि एंटिटी म्हटली की तिच्यामागे पुरवठादार, खरेदी ऑर्डर, जोडपत्रं अशी लांबलचक साखळी येते. स्क्रीनवर दिसतं तेवढंच धरणारा छोटा क्लास करा: आयडी, बिल नंबर, पुरवठादाराचं नाव, रक्कम, आणि बिलाचा व्हर्जन नंबर (बिल बदललं की वाढणारा आकडा). क्लास सिरियलायझेबल असू द्या. क्वेरीतूनच थेट हा क्लास भरून घेता येतो, जेपीक्यूएलच्या (जेपीएच्या क्वेरी भाषेच्या) 'न्यू' ने.

व्हर्जन का, ते नीट सांगतो. अधिकारी सकाळी स्क्रीन उघडतो, ४२,००० चं बिल बघतो, टिक करतो आणि फोन येतो म्हणून थांबतो. तेवढ्यात कारकून त्याच बिलाची रक्कम दुरुस्त करून ४,२०,००० करतो. अधिकारी परत येऊन बटण दाबतो. आयडी तोच, हक्कही आहे, बिल प्रलंबितही आहे, सगळ्या तपासण्या पास. पण त्याने मंजूर केलं होतं ४२,००० चं बिल. म्हणून मॅपमधला व्हर्जन आणि डेटाबेसमधला आत्ताचा व्हर्जन ताडून बघा. जुळला नाही तर ते बिल थांबवा आणि 'हे बिल तुम्ही पाहिल्यानंतर बदललंय' असं त्या बिलाचं नाव घेऊन सांगा.

माणसाने जे डोळ्यांनी पाहून टिक केलं तेच मंजूर झालं पाहिजे. ओळ निवडण्याच्या सगळ्या खटाटोपाचा हेतू एवढाच आहे, आणि फ्रेमवर्क तो परस्पर पुरा करून देत नाही.

तांबडीमाती

एंटिटीवर व्हर्जनचं ॲनोटेशन असलं की जेपीए आपोआप तपासतं ना? मग हाताने कशाला ताडायचं?

सातमाळा

जेपीए तपासतं ते एंटिटी वाचल्यापासून लिहीपर्यंतच्या काळापुरतं. बटण दाबल्यावर तुम्ही ताजी एंटिटी आणली, तर तिच्यासोबत व्हर्जनही ताजाच येतो. सकाळी स्क्रीनवर कोणता होता हे जेपीएला माहीत नसतं. म्हणून सकाळचा व्हर्जन आपण जपायचा.

आणि 'अपडेट बिल सेट स्टेटस' अशी एकगठ्ठा जेपीक्यूएल क्वेरी चालवणार असाल तर ती व्हर्जन तपासत नाही आणि वाढवतही नाही. दोन्ही गोष्टी क्वेरीत हाताने लिहा. एक्झिक्यूट-अपडेट किती ओळी बदलल्या तो आकडा परत देतं. पाच पाठवली आणि चार आला, तर ट्रान्झॅक्शन मागे घ्या आणि कोणतं राहिलं ते शोधून दाखवा. तो आकडा वाचायचाच नाही, अशी सवय फार ठिकाणी दिसते.

पायवाट४४

माझाही प्रश्न याच धाग्यात विचारतो. तक्ता लेझी नाही, साधी लिस्ट. सिलेक्शन लावलं की पान उघडतानाच फुटतं. 'सिलेक्शन चालू असेल तर डेटा मॉडेलने सिलेक्टेबल-डेटा-मॉडेल इम्प्लिमेंट केलं पाहिजे' अशा अर्थाचा एरर.

रात्रपाळी

तक्त्यावर रो-की ॲट्रिब्यूट दिलेलं नाहीये. तेवढं द्या, वेगळा मॉडेल क्लास लिहायची गरज नाही. एररमधल्या वाक्यामुळे लोक उगाच क्लास लिहीत बसतात.

पायवाट४४

झालं, पान उघडलं. पण आता बटण दाबल्यावर निवडलेली लिस्ट रिकामी येते.

रात्रपाळी

बटणावर प्रोसेस काय आहे? '@धिस' असेल तर फक्त बटण प्रोसेस होतं, तक्ता डीकोडच होत नाही, मग सिलेक्शन सेट कुठून होणार. तक्त्याचा आयडी त्यात घाला किंवा प्रोसेस काढून टाका. कमांड बटणाचा डीफॉल्ट आख्खा फॉर्म आहे.

बटण आणि तक्ता एकाच फॉर्ममध्ये आहेत ना तेही बघा. डायलॉगमध्ये बटण आणि डायलॉगला वेगळा फॉर्म, असं असलं की हमखास हे होतं.

पायवाट४४

'@धिस' च होतं. धन्यवाद!

घाटवाट

आम्ही स्प्रिंग एमव्हीसी आणि थायमलीफवाले, म्हणजे जावाच, पण जेएसएफ नाही. तक्त्याला जेक्वेरीचं डेटाटेबल्स प्लगइन. लक्षण निळीशाई यांच्यासारखंच, दुसऱ्या पानावरच्याच खुणा कंट्रोलरपर्यंत येतात. पण आमच्याकडे ना रो-की, ना लेझी मॉडेल. कारण वेगळं असणार ना?

रात्रपाळी

वेगळं आहे. तिथे गळती ब्राउझरमध्येच होते. ते प्लगइन पान बदललं की आधीच्या पानाच्या ओळी डॉममधून (ब्राउझरमधल्या पानाच्या रचनेतून) काढून स्वतःकडे ठेवतं. फॉर्म सबमिट होताना ब्राउझर डॉममध्ये असलेलेच चेकबॉक्स पाठवतो.

सगळा डेटा एकदाच पानावर आणत असाल तर सोपं आहे. सबमिटच्या आधी टेबल ऑब्जेक्टच्या डॉलर मेथडने सगळ्या पानांवरचे टिक केलेले इनपुट गोळा करा, आणि जे डॉममध्ये नाहीत त्यांच्यासाठी फॉर्ममध्ये हिडन इनपुट घाला. सर्व्हर-साइड प्रोसेसिंग चालू असेल तर मागच्या पानाच्या ओळी प्लगइनकडेही नसतात. मग जावास्क्रिप्टमध्ये स्वतःचा एक सेट ठेवा. टिक केलं की आयडी आत, काढलं की बाहेर, आणि तक्ता नव्याने काढला गेला की 'ड्रॉ' इव्हेंटमध्ये सेट बघून खुणा पुन्हा लावा.

कंट्रोलरमध्ये आयडींची लिस्ट रिक्वेस्ट-पॅरामने घेताना 'रिक्वायर्ड' फॉल्स करा. एकही टिक नसेल तर ब्राउझर ते पॅरामीटर पाठवतच नाही, आणि वापरणाऱ्याला 'काहीतरी निवडा' ऐवजी ४०० चा एरर दिसतो.

दुपारचापाऊस

@घाटवाट, यात आणखी एक जागा आहे जिथे ओळी गुपचूप गळतात. टॉमकॅट (जावाचा वेब सर्व्हर) एका रिक्वेस्टमध्ये किती पॅरामीटर वाचायचे याला मर्यादा घालतं. बरीच वर्षं डीफॉल्ट १०,००० होतं, आता ते बरंच खाली आणलंय, टॉमकॅट ११ मध्ये १,००० आहे. जुन्या टॉमकॅटमध्ये मर्यादेपलीकडचे पॅरामीटर सरळ दुर्लक्षित होतात आणि रिक्वेस्ट पुढे जाते. हजारो आयडी वेगवेगळ्या पॅरामीटरने पाठवत असाल तर फेल्ड-रिक्वेस्ट-फिल्टर लावा, म्हणजे अर्धवट रिक्वेस्ट आत येणार नाही. किंवा आयडी जेसनच्या एकाच बॉडीत पाठवा.

हक्क तपासण्याबद्दल वर लिहिलेलं तुम्हालाही तसंच लागू आहे. फ्रेमवर्क बदललं म्हणून आयडी विश्वासाचा होत नाही.

घाटवाट

आमच्याकडे काही शे आयडींच्या वर जात नाही, पण फिल्टर लावून ठेवतो. सेटचा मार्ग धरतोय.

तांबडीमाती

प्राइमफेसेस न वापरता जेएसएफचं स्वतःचं साधं 'एच:डेटाटेबल' असेल तर? आमच्या एका जुन्या ॲप्लिकेशनमध्ये बाहेरची लायब्ररी घालायला परवानगी नाही.

सातमाळा

चेकबॉक्ससाठी बीनमध्ये लाँगकडून बूलियनकडे मॅप ठेवा, आणि प्रत्येक ओळीच्या चेकबॉक्सची व्हॅल्यू त्या मॅपमध्ये ओळीच्या आयडीने बांधा. बटण दाबल्यावर ट्रू असलेले आयडी उचला. एकाच ओळीवर काम करायचं असेल तर निवड वगैरे लागतच नाही. ओळीतच बटण ठेवा आणि ईएल (जेएसएफ पानांतली एक्सप्रेशन भाषा) २.२ पासून मेथडला पॅरामीटर देता येतो तसा आयडी द्या. रेडिओ बटणं मात्र जेएसएफ २.३ च्या आधी दुखणं होतं, प्रत्येक ओळीचा रेडिओ वेगळा गट धरायचा. २.३ मध्ये, म्हणजे २०१७ साली, सिलेक्ट-वन-रेडिओला ग्रुप ॲट्रिब्यूट आलं.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. मॅपची रचना लावली, रो-की आता प्रायमरी की आहे, आणि सर्व्हिसमध्ये शाखा, मर्यादा, स्टेटस आणि व्हर्जन चारही तपासतेय. दोन पानांवरची पाचही बिलं येतात. एफ-१२ मधून दुसऱ्या शाखेचा आयडी घालून पाहिला, निवडीत आला नाही. मग मॅप बाजूला ठेवून युनिट टेस्टमधून तोच आयडी थेट सर्व्हिसला दिला, तिथेही अडला.

आता दोन गोष्टी राहिल्यात. पहिली, मंजुरी झाल्यावर यादी ताजी होते, पण खालची एकूण रक्कम तशीच राहते.

दुसरी, लेखा विभागाला 'सगळी निवडा' हवंय. सगळी म्हणजे गाळणीत (फिल्टरमध्ये) बसणारी सगळी, वर्षअखेरीला ती काही हजार असतात. हेडरचा चेकबॉक्स आत्ता फक्त समोरच्या पानावरच्या निवडतो.

रात्रपाळी

पहिलीसाठी, मंजुरीनंतर बीनमधली निवडलेल्यांची लिस्ट रिकामी करा, तुमचा मॅपही, आणि मग तक्ता आणि रक्कम दोन्ही अपडेट करा. नुसता तक्ता ताजा केल्याने तुमच्या बीनमधली लिस्ट रिकामी होत नाही.

गाळणी बदलल्यावरही हेच करा असं सुचवेन. जुन्या गाळणीतल्या खुणा दिसत नाहीत पण निवडीत आहेत, अशी अवस्था मंजुरीच्या स्क्रीनवर नको. ब्राउझरच्या बाजूला विजेटची 'अनसिलेक्ट-ऑल-रोज' मेथड आहे.

सातमाळा

'सगळी निवडा' साठी रो-की पाठवायच्या भानगडीत पडू नका. हजारो रो-की फील्डमध्ये कोंबल्या, मग त्यांची इन-क्लॉज (क्वेरीतली आयडींची यादी) केली, की ओरॅकलच्या जुन्या आवृत्त्या एका यादीत १,००० च्या वर घेत नाहीत, एसक्यूएल सर्व्हरला २,१०० पॅरामीटरची मर्यादा आहे. तुकडे करता येतात, पण मूळ प्रश्न तो नाही. न पाहिलेल्या पानांवरच्या ओळी माणसाने निवडल्या असं आपण म्हणतोय, तेव्हा त्याने खरं काय निवडलं? त्याने एक अट निवडली. मग अटच पाठवा.

हेडरचा चेकबॉक्स पानापुरताच ठेवा. तो टिक झाला की वर एक पट्टी दाखवा: 'या पानावरची २५ निवडली आहेत. गाळणीतली सगळी निवडायची?' होय म्हटलं की बीनमध्ये तीन गोष्टी धरा: त्या क्षणाची गाळणी, बिलांची संख्या आणि एकूण रक्कम, आणि त्या क्षणीचा सर्वांत मोठा बिल आयडी. मंजुरीच्या वेळी तीच गाळणी, तीच शाखेची अट, स्टेटस प्रलंबित, आणि आयडी त्या मोठ्या आयडीपर्यंतच. मधल्या वेळात आत आलेली नवीन बिलं यात ओढली जाणार नाहीत. शेवटी संख्या किंवा रक्कम आधीच्याशी जुळली नाही तर थांबा आणि नवा आकडा दाखवून पुन्हा विचारा.

शिवाय होकाराच्या डायलॉगमध्ये रक्कम अक्षरातही दाखवा. चेकवर लिहितात तशी. अधिकारी आकड्यातलं शून्य चुकवू शकतो, 'चार लाख वीस हजार' वाचताना चुकत नाही.

दुपारचापाऊस

ही सगळी मंजुरी ऑडिटच्या टेबलमध्येही नोंदवा: कोणी, केव्हा, कोणत्या गाळणीने, आणि प्रत्यक्ष कोणते आयडी. गाळणीने मंजूर केलेल्या बिलांचे आयडी त्या वेळीच लिहून ठेवले नाहीत तर नंतर कुणालाच सांगता येणार नाही.

आणि निळीशाई, एक विचारते. आजपर्यंत जी भलती बिलं मंजूर झाली असतील त्यांचं काय? उदाहरणं दोनच समोर आलीत, पण बग लेझी मॉडेल लावल्यापासूनचा आहे.

निळीशाई

हाच विचार कालपासून डोक्यात आहे. ऑडिट टेबल तेव्हा नव्हतं. टिक कशाला केली होती हे आता कुठूनच कळणार नाही.

सातमाळा

टिक कळणार नाही, पण कुठे चूक होऊ शकली असती ते कळेल. त्या बदलाची तारीख तुमच्या गिटमध्ये सापडेल. त्या तारखेपासून मंजूर झालेली अशी बिलं काढा, ज्यांचा बिल नंबर दुसऱ्या एखाद्या पुरवठादाराच्या बिलालाही आहे. जोडीतलं दुसरं बिल आज मंजूर असो, प्रलंबित असो वा नाकारलेलं, जोडी यादीत ठेवाच. बटण दाबताना समोरच्या पानावर जोडीतलं दुसरं बिल असेल तरच हा बग चावतो, पण तेव्हाची पानं आता पुन्हा उभी करता येणार नाहीत, म्हणून यादी मोठी झाली तरी चालेल.

पुढचं काम लेखा विभागाचं. कागदावरच्या सह्या आणि माल मिळाल्याच्या नोंदींशी त्यांनी एकेक जोडी ताडावी. पैसे गेलेली वेगळी काढा, ती आधी. तुम्ही मात्र डेटाबेसमध्ये थेट स्टेटस फिरवू नका. जे रद्द करायचं ते त्यांच्याकडून, नोंदीसकट, स्क्रीनमधूनच होऊ दे.

आणि पहिला बगही विसरू नका. गळलेली बिलं प्रलंबितच पडून असतील, अधिकाऱ्याला मात्र ती झाली असं वाटत असेल. एखाद्या छोट्या पुरवठादाराचे पैसे त्यामुळे अडकले असतील. त्या तारखेपासूनची, मुदत उलटून गेलेली प्रलंबित बिलं दुसऱ्या यादीत द्या.

निळीशाई

दोन्ही क्वेरी आत्ताच चालवल्या. पहिल्या यादीतल्या जोड्या हाताने तपासता येतील इतक्याच आहेत. दुसरी यादी बरीच लांब आहे, आणि त्यात स्टेशनरी आणि गाडीभाड्याची लहान बिलं खूप दिसतायत. ती मुदतीप्रमाणे लावून उद्या सकाळी लेखा विभागात नेऊन देते, आणि नवी आवृत्ती चढवायच्या आधी त्यांच्याबरोबर बसून दोन्ही पानांवरची निवड त्यांच्याच हाताने करून बघायला सांगते.